टेकूची फांदी आणि विमानाचा पंख

पांढुर्णा-सौंसरकडच्या संत्र्याच्या बागेत बहार भरात आला की फांद्यांखाली बांबूचे टेकू उभे राहतात. फळ लदलं आणि टेकू दिला नाही, तर फांदी फाटते. आणि फाटते ती फळापाशी नाही, बुंध्यापाशी. पाच किलो फळ बुंध्यालगत लटकलं तर झाडाला त्याचं काहीच वाटत नाही. तेच पाच किलो दोन मीटर लांब टोकाशी लटकलं, की फांदीच्या बुडाला घाम फुटतो. हा हिशेब बागवानाला कुणी पुस्तकातून शिकवलेला नसतो. पण घरच्या शेडमध्ये छोटं विमान बांधायला बसलेला माणूस ज्या प्रश्नापाशी सगळ्यात जास्त रात्री जागतो, तो प्रश्न नेमका हाच आहे: पंखांचा पसारा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी, किती ठेवायची?

२०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे निघाले आणि पांढुर्णा जिल्हा झाला. हा मराठी बोलणारा पट्टा ओळखला जातो तो संत्री, कापूस आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी होणाऱ्या गोटमारीसाठी. विमानाशी याचा काय संबंध, असं कुणी विचारील. एक धागा आहे. सौंसर तालुक्यातल्या बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत १९९१ पासून रेमंडची कापड गिरणी आहे. ती उभी राहिली तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते विजयपत सिंघानिया, आणि त्याच्या तीन वर्षं आधी, १९८८ साली, हे गृहस्थ इंग्लंडहून भारतापर्यंत मायक्रोलाइट विमानातून एकटे उडत आले होते. मायक्रोलाइट म्हणजे मोटारसायकलीच्या ताकदीचं इंजिन आणि कापड-नळ्यांचा संसार. पुढे २००५ मध्ये मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून ते जवळपास २१ किलोमीटर उंच गेले, पण फुग्याला पंख नसतात, तेव्हा तो विषय इथे सोडू.

त्या वर्षांत लांबच्या सफरींनी ज्या मायक्रोलाइटचं नाव झालं, त्यांतलं एक म्हणजे डेव्हिड कुक या इंग्रज कारागिराचं ‘शॅडो’. इव्ह जॅक्सन नावाच्या बाईंनी १९८६-८७ मध्ये ते इंग्लंडहून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत नेलं. या शॅडोचा पसारा १०.०३ मीटर. नंतर कुकने त्याचीच चपळ आवृत्ती काढली, ‘स्ट्रीक शॅडो’. तिचे पंख त्याने छाटले आणि पसारा ८.५३ मीटरवर आणला. दीड मीटर कापून विमान पळू लागलं. मग पहिल्यांदाच छोटे पंख का नाही ठेवले? आणि सगळेच विमानवाले पंख छाटत का नाहीत?

याचं उत्तर पंखाच्या टोकाशी आहे. विमान उडतं तेव्हा पंखाखालची हवा दाबलेली असते आणि वरची विरळ. दाबलेल्या हवेला वर जायची घाई असते, आणि तिला वाट सापडते ती पंखाच्या टोकाला वळसा घालून. म्हणून प्रत्येक टोकामागे हवेचा एक भोवरा सुटतो, चैत्रात वावरात उठणाऱ्या वावटळीसारखा, फक्त आडवा. तो भोवरा फिरवायला ताकद लागते आणि ती इंजिनाच्या खिशातून जाते. विमानवाले या ओढीला ‘इंड्यूस्ड ड्रॅग’ म्हणतात. आपण तिला उचलीची किंमत म्हणू. इंग्लंडचे लँचेस्टर यांनी १९०७ साली या भोवऱ्यांबद्दल लिहिलं होतं. पण त्यांचं चोख गणित पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीतल्या ग्योटिंगन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांनी मांडलं. त्या गणितातून निघालेली गोष्ट आजही नवख्या माणसाला चक्रावून टाकते. पंख किती रुंद आहे याने ही किंमत बदलत नाही. वजन आणि वेग तोच असेल तर ती फक्त लांबीवर ठरते, आणि तीही लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात. पसारा दुप्पट करा, किंमत चौथाई होते.

आकडे घालून पाहू, कारण त्याशिवाय हे नुसतं कीर्तन होईल. समजा, माणसांसकट ४५० किलोचं दोन आसनी विमान आहे आणि मे महिन्याच्या दुपारी, पारा ४३ अंशांवर असताना, ते ताशी १०० किलोमीटरने चढतं आहे. पंखांचा पसारा ८ मीटर असेल तर उचलीची किंमत साधारण ३० किलो ओढीइतकी येते. १० मीटर केला की ती १९ किलोवर उतरते. १२ मीटरला १३ किलो, १४ मीटरला जेमतेम १० किलो. पहिल्या दोन मीटरने ११ किलो वाचवले, पुढच्या दोनने सहा, त्यापुढच्या दोनने तीन-साडेतीन. नफा कमी कमी होत जातो, हे इथे लक्षात ठेवावं.

त्या ११ किलोंचा अर्थ काय? पंखा, म्हणजे प्रोपेलर, जी ताकद वाया घालवतो ती धरून सुमारे सहा अश्वशक्ती. चढण्याच्या भाषेत, दर मिनिटाला ४० मीटर जास्त उंची. मोठ्या जेट विमानाला ४० मीटर म्हणजे काहीच नाही. पण समोर सातपुडा असेल आणि इंजिन ६०-६५ अश्वशक्तीचं असेल, तर झाडांच्या शेंड्यांवरून जाणं आणि शेंड्यांतून जाणं एवढाच तो फरक असतो.

इथला उन्हाळा मी मुद्दाम हिशेबात घेतला. नागपूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून ३१५ मीटरवर आहे. सौंसर, पांढुर्णा त्याच पठाराच्या काठावर. उंची फार नाही, पण तापलेली हवा पातळ होते. ४३ अंशांना इथल्या हवेची घनता समुद्रकाठच्या आदर्श हवेच्या ८८ टक्केच उरते, म्हणजे विमानाला आपण सुमारे तेराशे मीटर उंच डोंगरावर उभे आहोत असंच वाटतं. इंजिनाला श्वास कमी, प्रोपेलरला पकड कमी आणि उचलीची किंमत जास्त, असा तिहेरी मार. इंग्लंडातल्या किंवा जर्मनीतल्या नकाशावरून विमान बांधणाऱ्या विदर्भ-सातपुड्याच्या माणसाने पहिली शंका घ्यावी ती इथे. तिकडच्या थंड, दाट हवेत आठ मीटरचा पंख खुशाल उडतो. आपल्याकडे मेमध्ये तो धावपट्टीचा शेवटचा दगड मोजत बसेल.

ज्यांना आकडे रुचत नाहीत त्यांनी मान वर करावी. पांढुर्ण्याच्या बाजारावर दुपारी घारी घिरट्या घालतात. एका घारीचं वजन पाऊण किलोच्या आसपास आणि पसारा सुमारे दीड मीटर. एवढ्याशा देहाला एवढे लांब पंख कशाला? कारण तिला दिवसभर पंख न हलवता, तापल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेवर तरंगायचं असतं. ससाणा मात्र छोट्या, टोकदार पंखांचा, कारण त्याचं पोट वेगावर चालतं. निसर्गानेही लांबी एकच ठरवलेली नाही. जसा धंदा, तसे पंख.

माणसाने दोन्ही टोकं करून पाहिली आहेत. अमेरिकेतल्या पॉल मॅक्रेडी यांच्या ‘गॉसमर अल्बाट्रॉस’चा पसारा २९.७७ मीटर होता आणि रिकाम्या विमानाचं वजन होतं ३२ किलो! इंजिन नव्हतंच. ब्रायन ॲलन नावाचा सायकलपटू पायडल मारत होता. १२ जून १९७९ रोजी त्याने दोन तास ४९ मिनिटांत इंग्लिश खाडी ओलांडली. माणसाच्या पायांत सतत देता येण्याजोगी ताकद अश्वशक्तीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्यात उडायचं तर उचलीची किंमत जवळजवळ शून्यावर आणणं भाग होतं, म्हणून ते तीस मीटरचे पंख. राइट बंधूंचंही तेच: १९०३ मध्ये त्यांच्याजवळ बारा अश्वशक्तीचं इंजिन होतं, म्हणून पसारा १२.३ मीटर. दुसऱ्या टोकाला रॉबर्ट स्टार या अमेरिकी वैमानिकाचं १९८८ सालचं ‘बंबल बी टू’. त्याचा पसारा १.६८ मीटर, म्हणजे सरासरी माणसाच्या उंचीइतका. ते उडालं खरं, पण त्याच वर्षी इंजिन बंद पडून कोसळलं. जगातलं सगळ्यात छोटं, एवढाच त्याचा उपयोग. मला त्यात शौर्य दिसतं, शहाणपण दिसत नाही.

आता पुन्हा संत्र्याच्या फांदीकडे येऊ, कारण लांब पंखाचं कर्ज तिथे फेडावं लागतं. उडत्या विमानाचा पंख म्हणजे उलटी फांदी: हवा त्याला वर ढकलते आणि तो बुडाशी, विमानाच्या पोटाला जोडलेल्या जागी, मोडू पाहतो. हा जोर पेलते ती पंखाच्या पोटातली लांब तुळई; कारागीर तिला स्पार म्हणतात. पंखाचं एकूण क्षेत्रफळ तेच ठेवून पसारा आठचा दहा मीटर केला, तर दोन गोष्टी घडतात. जोर बुडापासून लांब जातो, हे एक. आणि पंख अरुंद झाल्याने त्याची जाडीही घटते, म्हणून तुळईची उंचीही कमी होते. घराची वाशी-तुळई बसवणाऱ्या सुताराला विचारा, उभी फळी आणि आडवी फळी यांत किती अंतर असतं. दोन्ही मिळून तुळईच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांवरचा ताण १.५६ पट होतो. पसारा वाढला सवापट, ताण वाढला दीडपटीहून जास्त. आणि गंमत अशी की उचलीची किंमतही त्याच १.५६ ने भागली गेलेली असते. हवेने जेवढ्या पटीने दिलं, तेवढ्याच पटीने लाकडाकडून मागितलं. व्यवहाराला इतकं चोख गणित क्वचित पाहायला मिळतं.

ताण वाढला की तुळई जाड करावी लागते, म्हणजे वजन वाढतं. वरच्या विमानात दहा किलो वाढले तरी ११ किलोंतला एखादा किलोच नफा गळतो, तेव्हा आठवरून दहावर जाणं परवडतं. बारा-चौदावर मात्र ताण सव्वादोन आणि तीन पट होतो, नफा उरतो मूठभर. या भागातला माणूस इथे हमखास म्हणेल, आपल्याकडे सातपुड्याचा सागवान आहे की! सागवान टिकाऊ, वाळवीला न जुमानणारा, दारा-खिडक्यांना उत्तम. पण एका घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतो. जगभर विमानाच्या स्पारसाठी जे सिट्का स्प्रूस वापरतात ते सव्वाचारशे किलोत काम करतं. सागवानाच्या तुळईचं विमान पिढ्यान् पिढ्या टिकेल, हँगरमध्ये.

यावर उपाय बागवानाला ठाऊकच आहे: टेकू. पोटाच्या तळापासून पंखाच्या मध्याकडे जाणारी तिरपी दांडी, म्हणजे स्ट्रट. फ्लाइंग क्लबांत शिकाऊ मुलं ज्यावर हात बसवतात त्या सेस्ना १५२ ला ती असते. दांडी हवेत असल्यामुळे थोडी ओढ वाढवते आणि वेग खाते, पण बुडाशी येणारा मोडणारा जोर निम्म्याहून खाली आणते. घरी बांधणाऱ्याला तिची लाज वाटते, कारण बिनटेकूचा पंख देखणा दिसतो. माझं मत विचाराल तर पहिलं विमान बांधताना टेकू द्यावा. देखणेपण दुसऱ्या विमानात.

टेकूचा असो वा बिनटेकूचा, आकडा कुठे येऊन थांबतो? सेस्ना १५२ चा पसारा १०.२ मीटर. बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने घडवलेल्या ‘हंसा-३’ चा १०.४७. एनसीसीची पोरं ज्या ‘व्हायरस’ विमानात शिकतात त्याचा १०.७१. तीन देश, तीन तऱ्हेचा माल, धातू आणि धाग्यांचं प्लास्टिक. पण साधारण शंभर अश्वशक्ती आणि दोन माणसं म्हटल्यावर सगळे दहा मीटरच्या आसपास येऊन बसले. आपण वर जो कमी कमी होत जाणारा नफा पाहिला, त्याचा हा पडताळा.

अपवादांतही शिकण्यासारखं आहे. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांचं दैवत म्हणावं असे रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन; त्यांच्या ‘आरव्ही’ मालिकेतली हजारो विमानं लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये बांधली. त्यांतलं आरव्ही-७ आणि आरव्ही-९ शेजारी उभी केली तर जुळ्या भावंडांसारखी दिसतात, पोट जवळजवळ एकच. पण ७ चा पसारा ७.६२ मीटर आणि इंजिन जोरदार, कारण त्याला हवेत कोलांट्या मारायच्या असतात. ९ चा ८.५३ मीटर, कमी ताकदीच्या इंजिनावर लांबचा पल्ला गाठणारा आणि हळू उतरणारा. कोलांट्या त्याला मना. गिऱ्हाइकाने पंख निवडायचा म्हणजे खरं तर आपला स्वभाव निवडायचा. मला वाटतं, जगातले निम्मे हौशी ७ निवडतात आणि ९ सारखे उडतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. पंख लांब केला म्हणजे विमान हळू उतरतं, असं पुष्कळ जण धरून चालतात. उतरायचा सगळ्यात कमी वेग पंखाच्या क्षेत्रफळावर ठरतो, लांबीवर नाही. आणि लांब पंखाचे आणखी दोन त्रास आहेत. डावी-उजवीकडे कलताना तो आळशी असतो, वळताना नाक उलट्या दिशेला भरकटतं आणि पाय सतत रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलवर ठेवावा लागतो. दुसरं, नागपुरी उन्हाळ्याच्या दुपारी घारींना जी वर उठणारी हवा सुखाची वाटते, तीच हलक्या, लांब पंखांच्या विमानाला पत्रावळीसारखी फेकते. इथल्या माणसाने उन्हाळ्यात उडायचं ते सकाळी आठाच्या आत.

एवढं सगळं गणित झाल्यावरही पुष्कळदा आकडा ठरवते ती जागा. मराठी माणसाने घरी बांधलेल्या विमानांत सगळ्यात गाजलेलं कॅप्टन अमोल यादव यांचं. तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेल्या या साताऱ्याकडच्या गृहस्थांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. यंत्रं, पत्रे, सगळं जिन्याने वर गेलं. आधीचे दोन प्रयत्न मार्गी लागले नव्हते, म्हणून याचं नाव टीएसी-००३. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी ते सुटं करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, त्याची नोंदणी केली, व्हीटी-एनएमडी या अक्षरांखाली. उडायची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० मध्ये झाल्या. विमान बांधायला जितकी वर्षं लागली, जवळजवळ तितकीच कागदांना लागली. परवान्याशिवाय घरचं विमान हवेत न्यायचं नाही, हा नियम जाचक वाटला तरी पाळायचा. खाली माणसं राहतात. पण मला त्या साऱ्या कथेत क्रेनचा भाग सगळ्यात बोलका वाटतो. गच्चीवर बांधलेला पंख कधीतरी गच्चीवरून उतरवायचा असतो.

सौंसरच्या शेतकऱ्याच्या पोराने कोठ्याशेजारच्या शेडमध्ये हे मनावर घेतलं, तर त्याच्यापुढेही तेच. विमान शेतात बांधता येतं. उडवायला मान्यता असलेली धावपट्टी लागते, म्हणजे नागपूरकडे किंवा घाट चढून छिंदवाड्याकडे जाणं आलं. पंख काढून ट्रकमध्ये घालायचे. संत्र्याच्या पेट्या वाहणाऱ्या गाड्या इथे रोज दिसतात: चौदा फुटी, सतरा फुटी, एकोणीस फुटी. दहा मीटर पसाऱ्याच्या विमानाचा अर्धा पंख, मधली पोटाची रुंदी वजा जाता, साडेचार मीटरच्या आसपास भरतो. सतरा फुटी आयशरचा हौदा पाच मीटर अठरा सेंटिमीटर. पंख मावतो, आणि गोधडी गुंडाळायला बाजूंनी जागा उरते. बारा मीटरचा केलात, तर एकोणीस फुटी सांगावी लागेल.